'फाइट विथ' म्हणजे विरुद्ध की बाजूने? 'फाइट' या क्रियापदाची नीट उकल

मुद्रितशोधक

मराठीतून इंग्रजीत आलेल्या मजकुरात 'फाइट' या क्रियापदाच्या चुका सतत दिसतात. गंमत अशी की चूक बहुतेक वेळा क्रियापदात नसते, त्याच्या मागून येणाऱ्या लहानशा शब्दात असते. विथ, अगेन्स्ट, फॉर, ओव्हर, अबाउट, की काहीच नाही? कोशात 'लढणे, भांडणे, झुंजणे' एवढं मिळतं आणि पुढचं ज्याचं त्याने ठरवायचं असतं. म्हणून हा धागा. चर्चेला ही सहा वाक्यं घ्या. सगळी वारंवार दिसणारी आहेत आणि प्रत्येकात काही ना काही गडबड आहे.

१. ब्रिटन फॉट विथ फ्रान्स.
२. ही इज फायटिंग विथ डेथ.
३. द राइट्स विच दे फॉट आर नाउ इन डेंजर.
४. ही गेव्ह हिम अ फाइट ऑन द नोज.
५. देअर वॉज अ बिग फायटिंग बिटवीन द टू ग्रुप्स.
६. शी फॉट फॉर गेटिंग हर पेन्शन.

नियम सांगताना कारणही सांगा. नुसतं 'असंच म्हणतात' हे लक्षात राहत नाही.

विभक्ती

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या अर्ध्या अडचणींचं मूळ तिथेच आहे.

'ब्रिटन फॉट विथ फ्रान्स' हे व्याकरणाने चूक नाही. त्याचे दोन उलट अर्थ निघतात, ही अडचण आहे. १८१५ साली वॉटर्लूला ब्रिटन फ्रान्सशी लढलं. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ब्रिटन फ्रान्सच्या बाजूने रशियाशी लढलं. इंग्रजीत दोन्ही प्रसंगांना हेच वाक्य लागू पडतं आणि कोणता अर्थ घ्यायचा हे वाचकाने इतिहासावरून ओळखायचं.

मराठीत हा प्रश्न फारसा येत नाही, कारण आपण नातं प्रत्ययात बांधतो. फ्रान्सशी लढले, फ्रान्सच्या बाजूने लढले, तलवारीने लढले, जिद्दीने लढले. ही चार वेगळी नाती आहेत आणि इंग्रजीत चारही ठिकाणी 'विथ' येऊ शकतो:

- प्रतिपक्ष: 'ही फॉट विथ हिज नेबर.' शेजाऱ्याशी भांडला.
- साथीदार: 'ही फॉट विथ द रेझिस्टन्स.' भूमिगत प्रतिकार चळवळीत राहून लढला.
- साधन: 'दे फॉट विथ स्वोर्ड्स.'
- रीत: 'शी फॉट विथ ग्रेट करेज.'

रीतीच्या 'विथ'चं एक ठळक उदाहरण सार्वजनिक नोंदीत आहे. ४ जून १९४० रोजी चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये केलेल्या भाषणाच्या शेवटच्या भागात 'वुई शॅल फाइट' पुन्हा पुन्हा येतं. तिथे एकदाच 'विथ' आहे आणि तो 'वाढत्या आत्मविश्वासाने' या अर्थाचा आहे. बाकी सगळीकडे फक्त जागा सांगितल्या आहेत: किनाऱ्यांवर, शेतांत, रस्त्यांवर, टेकड्यांत. त्या साखळीत 'फाइट'ला एकदाही कर्म नाही. कोणाशी लढायचं हे उच्चारलंच नाही, सगळा भार कुठे आणि कसं यावर टाकला. हे क्रियापद कर्माशिवाय किती ताकदीने उभं राहू शकतं, याचा हा उत्तम नमुना म्हणायला हवा.

त्यामुळे लिहिताना आधी मनात मराठी प्रत्यय ठरवा. 'शी' असेल तर कर्म थेट द्या किंवा 'अगेन्स्ट' वापरा. 'बाजूने' असेल तर 'अलाँगसाइड', 'ऑन द साइड ऑफ' किंवा 'फॉर'. 'ने' असेल तर 'विथ' निर्धोक आहे.

अनुवाद_रोजचा

विभक्ती यांनी सांगितलेलं एकाच वाक्प्रचारात तपासता येतं: 'फाइट फायर विथ फायर'. पहिलं 'फायर' थेट कर्म, म्हणजे प्रतिपक्ष. दुसरं 'फायर' साधन. प्रतिपक्षाला 'विथ' लावला असता तर वाक्यच उभं राहिलं नसतं.

सांजवारा

पण मग भावंडं भांडतात तेव्हा 'फाइट विथ' चालतं ना? 'शी इज ऑलवेज फायटिंग विथ हर सिस्टर' हे इंग्रज लोकही म्हणतात.

विभक्ती

चालतं, आणि तिथे तेच सहज वाटतं. घरगुती भांडण, वादावादी, शाळकरी मारामारी यांना 'विथ' शोभतो. दोन्ही बाजू ओळखीच्या आहेत, रोजच्या संबंधातल्या आहेत, हे त्यात येतं. 'फाइट हर सिस्टर' म्हटलं तर शारीरिक झटापट किंवा कोर्टातली लढत वाटते. युद्ध, खेळ, आजार, अन्याय इथे मात्र 'विथ' टाळा.

कोशातला

थेट कर्म घेण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण मराठी माणसाला हे सर्वांत परकं वाटतं. मराठीत 'लढणे' अकर्मक आहे, 'शत्रूला लढला' असं आपण म्हणत नाही. इंग्रजीत 'फाइट द एनिमी' ही पहिली पसंती आहे. थेट कर्माच्या जागी तीन तऱ्हेच्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा.

पहिली तऱ्हा, प्रतिपक्ष. 'अली फॉट फ्रेझियर थ्री टाइम्स': १९७१, १९७४ आणि १९७५. मुष्टियुद्धाच्या वार्तांकनात थेट कर्मच वापरतात. तिथे 'विथ' घातला तर नियमाने झालेली लढत न वाटता दोघांची बाचाबाची झाल्यासारखं वाटतं. माणूस नसलेला प्रतिपक्षही चालतो: फाइट क्राइम, फाइट इन्फेक्शन, फाइट द फायर, फाइट अ डिसिजन.

दुसरी तऱ्हा, खुद्द लढाई. फाइट अ वॉर, फाइट अ बॅटल, फाइट अ ड्युएल. इथे कर्म म्हणजे प्रतिपक्ष नव्हे, ती क्रियाच नाम होऊन आली आहे, जसं मराठीत 'लढाई लढला'. 'फाइट अ लूझिंग बॅटल' याच घडणीचं आहे: हरणार हे दिसत असताना चालवलेली लढाई. कर्मवाच्य करायचं तर याच गटाचं करावं. 'द बॅटल वॉज फॉट ऑन १८ जून १८१५' हे उत्तम. माणसाचं कर्मवाच्य, 'ही वॉज फॉट', कानाला खटकतं. 'डिझीज मस्ट बी फॉट' मात्र ठीक.

तिसरी तऱ्हा, जी गोष्ट लढाईत चालवायची ती. जुन्या नौदली इंग्रजीत कप्तान 'फॉट हिज शिप', म्हणजे लढाईत जहाजाचं संचालन केलं. आज हा प्रयोग लष्करी लिखाणापुरता उरला आहे, पण मराठी वाचकाला तो चटकन कळेल, कारण 'किल्ला लढवला' याची रचना अगदी हीच आहे. किल्ल्याशी नव्हे, किल्ला हाती धरून. इंग्रजीत किल्ल्यासाठी मात्र हे क्रियापद वापरू नका. 'फॉट द फोर्ट'चा अर्थ नीट लागत नाही. 'डिफेंडेड द फोर्ट' म्हणा.

आणखी एक बारकावा. देश 'फाइट अ वॉर' करतात, एकटा सैनिक 'फाइट्स इन अ वॉर'. 'माय कॅरेक्टर फॉट द सेकंड वर्ल्ड वॉर' असं लिहिलं की महायुद्ध एकट्यानेच लढल्यासारखं होतं. युद्धाला 'इन', लढाईच्या ठिकाणाला 'ॲट', सेनापतीला 'अंडर', देशाला 'फॉर'. 'ही फॉट अंडर वेलिंग्टन ॲट वॉटर्लू' यात दोन्ही जागी नेमके शब्द आहेत.

सांजवारा

थेट कर्म चालत असेल तर 'अगेन्स्ट' कशाला हवा?

कोशातला

दोन्ही बरोबर असतात, वजन वेगळं. थेट कर्म म्हणजे अंगाशी येऊन भिडणं. 'अगेन्स्ट' म्हणजे विरोधात उभं राहून दीर्घकाळ केलेला लढा, बहुधा एखाद्या विचाराशी किंवा व्यवस्थेशी. अग्निशामक दल 'फाइट द फायर' करतं, तिथे 'अगेन्स्ट' अनावश्यक. गुलामगिरीच्या विरोधातल्या चळवळीला 'फॉट अगेन्स्ट स्लेव्हरी' जास्त शोभतं, कारण वर्षानुवर्षांची भूमिका त्यातून दिसते. नामाच्या मागे मात्र 'अगेन्स्ट' लागतोच: 'द फाइट अगेन्स्ट मलेरिया'. नाम थेट कर्म घेऊ शकत नाही.

इथे शेजारच्या क्रियापदांची लागण होते, तीही पाहा. 'अपोज', 'रेझिस्ट', 'अटॅक', 'कॉम्बॅट' ही चारही क्रियापदं थेट कर्म घेतात. 'अपोज अगेन्स्ट द बिल' चूक, 'अपोज द बिल' बरोबर. विशेषण झालं की 'टू' येतो: 'शी इज अपोज्ड टू द बिल'. 'अटॅक'चंही तसंच. क्रियापद असताना 'अटॅक्ड द कॅम्प', नाम असताना 'ॲन अटॅक ऑन द कॅम्प'. नामाचा 'ऑन' क्रियापदाला चिकटवून 'अटॅक्ड ऑन द कॅम्प' लिहिणं ही आपल्याकडची फार रुळलेली चूक आहे. 'रेझिस्ट'पुढे क्रिया आली तर ती 'आयएनजी' रूपात येते: 'कुड नॉट रेझिस्ट आस्किंग', 'टू आस्क' नव्हे.

अनुवाद_रोजचा

आता फॉर, ओव्हर, अबाउट. मराठीत तिन्हींना बहुधा 'साठी' किंवा 'वरून' येतं, म्हणून घोटाळा होतो.

'फॉर' म्हणजे ध्येय. जे हवं आहे, किंवा ज्याच्या वतीने लढतो आहे ते. हक्कासाठी, न्यायासाठी, मुलांसाठी.

'ओव्हर' म्हणजे दोन्ही बाजूंना हवी असलेली एकच वस्तू. जमीन, वारसा, मुलाचा ताबा, पाणी. 'द ब्रदर्स फॉट ओव्हर द लँड' म्हटलं की जमीन मध्ये आणि दोघे दोन्हीकडे असं चित्र उभं राहतं. 'दे फॉट फॉर द लँड' मध्ये दोघे मिळून तिसऱ्याकडून जमीन सोडवत आहेत असाही अर्थ होतो. मालमत्तेच्या वादाच्या बातमीत हा फरक मोठा ठरू शकतो.

'अबाउट' म्हणजे भांडणाचा विषय. पैशांवरून, कामाच्या वाटणीवरून, कोण उशिरा आलं यावरून. तिथे मिळवण्याची वस्तू असेलच असं नाही. पैशांच्या बाबतीत 'ओव्हर' आणि 'अबाउट' दोन्ही चालतात. वारशात आलेली ठरावीक रक्कम असेल तर 'ओव्हर' नेमकं, खर्चाच्या सवयींवरून खटके उडत असतील तर 'अबाउट'.

आता तिसरं वाक्य. 'हक्क' हे 'फाइट'चं थेट कर्म केलं की अर्थ उलटतो. 'फाइट अ राइट' म्हणजे त्या हक्काला विरोध! 'ज्या हक्कांसाठी ते लढले' यातला 'साठी' इंग्रजीत हरवता कामा नये: 'द राइट्स दे फॉट फॉर'. वाक्याच्या शेवटी 'फॉर' लोंबकळतो म्हणून तो काढून टाकू नका, तो तिथे हवाच. औपचारिक लिखाणात 'द राइट्स फॉर विच दे फॉट' करता येतं. 'वर्थ फायटिंग फॉर' मध्येही शेवटचा 'फॉर' सोडता येत नाही.

सहावं वाक्य: क्रिया हे ध्येय असेल तर 'फॉर गेटिंग' नको, 'टू गेट' हवं. 'शी फॉट टू गेट हर पेन्शन' किंवा नाम घेऊन 'शी फॉट फॉर हर पेन्शन'.

ध्वनी

रूपं आणि उच्चार. फाइट, फॉट, फॉट, फायटिंग. 'फाइटेड' असं रूप नाही.

भूतकाळाच्या स्पेलिंगमध्ये एफ, ओ, यू, जी, एच, टी अशी अक्षरं आहेत, पण 'जीएच' मुका. ब्रिटिश प्रमाण उच्चारात ऑ लांब असतो आणि 'र' गळत असल्यामुळे लढला या अर्थाचा 'फॉट' आणि किल्ला या अर्थाचा 'फोर्ट' हे दोन्ही हुबेहूब सारखे ऐकू येतात. श्रुतलेखनात इथे हमखास चूक होते. अमेरिकेत 'र' उच्चारतात, म्हणून तिथे गोंधळ नाही.

दुसरा गोंधळ 'फॉट' आणि 'थॉट' यांचा. 'फॉट'च्या सुरुवातीला वरचे दात खालच्या ओठावर टेकून हवा घासत बाहेर जाते. 'थॉट'ला जिभेचं टोक दातांपाशी असतं. मराठीतला 'फ' दोन्ही ओठ मिटून उच्चारला तर तिसराच ध्वनी निघतो आणि इंग्रजी कानाला तो 'पॉट'कडे झुकलेला वाटू शकतो.

मुके 'जीएच' तिथे का आहेत? जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'फेओह्तन' असं होतं आणि मधला घासता कंठ्य ध्वनी खरोखर उच्चारत असत. पुढे तो ध्वनी गळला, आधीचा 'इ' दीर्घ झाला आणि दीर्घ स्वरांच्या मोठ्या स्थित्यंतरात त्या 'ई'चा 'आइ' झाला. नाइट, लाइट, राइट यांचाही हाच प्रवास. डच 'फेख्टन' मध्ये तो ध्वनी अजून शाबूत आहे. जर्मन 'फेख्टन'मध्येही आहे, पण त्याचा अर्थ आता मुख्यतः तलवारबाजीच्या खेळापुरता उरला आहे.

एक गोष्ट कोशात सहसा सांगत नाहीत. बॉट, ब्रॉट, थॉट, सॉट, टॉट यांच्या रांगेत 'फॉट' बसवून शिकवतात. पाठांतराला ते सोयीचं आहे, पण घडण वेगळी आहे. त्या सर्व क्रियापदांत शेवटचा 'टी' हा भूतकाळाचा प्रत्यय आहे, मूळ रूपात तो नाही: बाय, ब्रिंग, थिंक, सीक, टीच. 'फाइट'मध्ये 'टी' धातूतलाच आहे आणि भूतकाळ केवळ स्वर बदलून होतो, जसा सिंग आणि सँगमध्ये. म्हणून 'फाइट'ला आणखी 'एड' लावण्याचा मोह होतो, पण स्वराने काम आधीच केलेलं असतं.

मुद्रितशोधक

ही घडणीची नोंद फार मोलाची आहे. दुसरं, चौथं आणि पाचवं वाक्य अजून उरलं आहे.

अनुवाद_रोजचा

दुसरं: 'मृत्यूशी झुंज देत आहे'. मराठी बातमीतला हा ठरलेला शब्दप्रयोग. इंग्रजीत प्रतिपक्ष उलटा धरतात. मृत्यूशी नव्हे, जिवासाठी: 'फायटिंग फॉर हिज लाइफ'. 'विथ डेथ' असं लिहिलं तर मृत्यू हे एखादं पात्र असल्याचा भास होतो. 'वेळेशी झुंज' हेही तसंच भाषांतरित होत नाही, तिथे 'अ रेस अगेन्स्ट टाइम'.

आजारांबद्दल एक सूचना. 'फाइट कॅन्सर' व्याकरणाने बरोबर आहे, संस्थांच्या आवाहनांत ते सर्रास असतं. व्यक्तीबद्दल लिहिताना मात्र जपून. 'लॉस्ट हर फाइट' म्हटलं की जो गेला तो कमी पडला असा सूर लागतो आणि अनेक रुग्णांना, नातेवाइकांना तो दुखावतो. 'डाइड ऑफ कॅन्सर' किंवा 'वॉज ट्रीटेड फॉर कॅन्सर' हे साधं आणि खरं आहे. लढाईचा शब्द रुग्णाने स्वतः वापरला असेल तरच घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

विभक्ती

चौथ्या वाक्यात मराठीत रुळलेला 'फाइट' फसवतो. 'एक फाइट मारली' म्हणजे ठोसा मारला, हा अर्थ मराठी बोलीत तयार झालेला आहे, इंग्रजीत तो नाही. इंग्रजीत ठोशाला 'पंच': 'ही पंच्ड हिम ऑन द नोज'. अशीच आणखी दोन:

'फाइट दिली' म्हणजे टक्कर दिली. इंग्रजीत 'गेव्ह अ फाइट' नव्हे, 'पुट अप अ गुड फाइट'. हरलेल्या पण चिवटपणे खेळलेल्या बाजूबद्दल ते वापरतात, जिंकलेल्याला ते विचित्र वाटेल. स्वतःहून बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला सामोरं जाणं असेल तर 'टुक ऑन द चॅम्पियन'.

'सिनेमातली फायटिंग' म्हणजे 'फाइट सीन' किंवा 'फाइट सीक्वेन्स'. इंग्रजीत 'फायटिंग' हे नाम मोजता येत नाही, म्हणून पाचव्या वाक्यातलं 'अ बिग फायटिंग' बसत नाही. एकच मारामारी असेल तर 'अ फाइट ब्रोक आउट बिटवीन द टू ग्रुप्स'. दिवसेंदिवस चाललेली चकमक असेल तर 'हेवी फायटिंग', आर्टिकलशिवाय. 'बिग फायटिंग' कोणी म्हणत नाही. फायटिंगला हेवी, फिअर्स, इन्टेन्स ही विशेषणं लागतात.

सांजवारा

निवडणूक लढवणे? 'फाइट ॲन इलेक्शन' की 'कन्टेस्ट'?

कोशातला

ब्रिटिश वापरात 'फाइट ॲन इलेक्शन' पूर्ण रुळलेलं आहे. मतदारसंघालाही 'फाइट अ सीट' म्हणतात. अमेरिकेत 'रन फॉर' हा साधा शब्द, आणि त्यापुढे पद येतं: 'रन फॉर मेयर'. भारतीय इंग्रजीत 'कन्टेस्ट' पहिल्या पसंतीचा आहे.

'कन्टेस्ट'मध्ये एक सापळा आहे. या क्रियापदाचा दुसरा अर्थ आव्हान देणं असा आहे. 'कन्टेस्ट अ विल' म्हणजे मृत्युपत्राच्या वैधतेला आव्हान देणं. त्यामुळे 'शी कन्टेस्टेड द इलेक्शन' हे परदेशी वाचक 'तिने निकालाला आव्हान दिलं' असंही घेऊ शकतो. वाचक कुठला आहे हे ठाऊक नसेल तर उमेदवारीला 'स्टूड फॉर इलेक्शन' किंवा 'रॅन फॉर' आणि आव्हानाला 'चॅलेंज्ड द रिझल्ट' असं फोड करून लिहा.

उच्चारात क्रियापदाचा आघात दुसऱ्या अवयवावर, कन्-टेस्ट. नामाचा पहिल्यावर, कॉन्-टेस्ट. 'कॉन्फ्लिक्ट'चंही तेच.

ध्वनी

'कन्फ्लिक्ट' हे क्रियापद म्हणून वापरताना कर्ता तपासा. माणसं सहसा 'कन्फ्लिक्ट' करत नाहीत. जबाब, अहवाल, वेळापत्रकं, हितसंबंध करतात. 'द टू रिपोर्ट्स कन्फ्लिक्ट', 'धिस कन्फ्लिक्ट्स विथ द अर्लियर स्टेटमेंट'. 'द फार्मर्स कन्फ्लिक्टेड विथ द ऑफिसर्स' असं वाक्य आलं की तिथे 'क्लॅश्ड' घाला. 'क्लॅश' माणसांनाही चालतं आणि वस्तूंनाही: जमाव पोलिसांशी, रंग रंगाशी, परीक्षेची तारीख लग्नाच्या तारखेशी. मागे नेहमी 'विथ', आणि इथे बाजूने असा अर्थ निघण्याची शक्यताच नाही.

अनुवाद_रोजचा

'भांडणे' या मराठी शब्दाचा आवाका फार मोठा आहे, त्याचीही फोड करू. नुसत्या शब्दांनी, रागाने, नातं ताणलं जाईल असं भांडण म्हणजे 'क्वॉरल'. मुद्दे मांडत केलेला वाद, मग तो शांतही असेल, म्हणजे 'आर्ग्यू'. ब्रिटनमध्ये जोरदार घरगुती भांडणाला 'हॅव अ राउ'. त्याचं स्पेलिंग ओळ या अर्थाच्या 'रो' सारखंच असतं, पण उच्चार 'काउ'शी यमक साधणारा. भांडून बोलणं बंद होणं म्हणजे 'फॉल आउट'. आणि हक्कासाठी भांडणे? तिथे यातलं काहीच नको, 'फाइट फॉर' हवं. 'क्वॉरल फॉर राइट्स' म्हटलं की गंभीर लढा किरकोळ तंटा होऊन जातो.

उलट बाजूने 'संघर्ष करणे' पाहा. त्याला डोळे झाकून 'स्ट्रगल' लावतात. 'स्ट्रगल फॉर फ्रीडम' ठीक, पण 'ही स्ट्रगल्ड टू रीड' याचा अर्थ त्याला वाचायला जड गेलं एवढाच आहे. त्यात प्रतिपक्ष नाही, वीरश्री नाही. 'तिने शिक्षणासाठी संघर्ष केला' याचं 'शी स्ट्रगल्ड इन हर स्टडीज' केलं तर ती अभ्यासात कच्ची होती असा अर्थ होतो. 'शी फॉट फॉर' असा अर्धवट उपायही नको, पूर्ण सांगा: 'शी फॉट टू गेट ॲन एज्युकेशन'.

विभक्ती

जोडक्रियापदं राहिली. थोडक्यात:

'फाइट बॅक' अकर्मक असताना उलट प्रहार करणे. कर्म आलं की अर्थ बदलतो: 'फाइट बॅक टिअर्स', अश्रू आवरणे. 'फाइट ऑफ' म्हणजे परतवून लावणे, हल्लेखोर असो, सर्दी असो, झोप असो. सर्वनाम मध्ये येतं: 'फाइट इट ऑफ', 'फाइट ऑफ इट' नव्हे. 'फाइट डाउन' फक्त भावनांना, उसळलेली भीती दाबणे. 'फाइट ऑन' म्हणजे माघार न घेता लढत राहणे. 'फाइट इट आउट' म्हणजे तिसऱ्याने मध्ये न पडता दोघांनी सोक्षमोक्ष लावणे. यातला 'इट' कशाचंही सर्वनाम नाही, पण तो काढता येत नाही. 'फाइट वन्स वे थ्रू' म्हणजे गर्दीतून वाट काढणे, आणि 'वन्स'च्या जागी हिज, हर, देअर जे लागू असेल ते येतं.

अर्थाने पूर्ण फसवणारा एक: 'फाइट शाय ऑफ'. यात लढणं नाहीच, टाळणं आहे. 'शी फाइट्स शाय ऑफ पब्लिसिटी' म्हणजे ती प्रसिद्धीपासून चार हात लांब राहते. मुख्यतः ब्रिटिश वापर. 'फायटिंग फिट' म्हणजे ठणठणीत, 'अ फायटिंग चान्स' म्हणजे कसून प्रयत्न केला तर यश येण्यासारखी संधी.

कोशातला

'फायटिंग वर्ड्स' हेही जोडा. बोलचालीत त्याचा अर्थ चिथावणीचे शब्द. अमेरिकेत त्याला कायद्याचं वजन आहे: तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४२ मध्ये चॅप्लिन्स्की खटल्यात असे शब्द अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संरक्षणाबाहेर ठेवले. अमेरिकी न्यायालयीन मजकुरात हा शब्द आला तर सैल भाषांतर नको, ती संज्ञा आहे हे दाखवा.

सांजवारा

शेवटचा प्रश्न. 'आपापसात भांडू नका' यासाठी 'डोन्ट फाइट बिटवीन यू' बरोबर का?

अनुवाद_रोजचा

नाही. 'डोन्ट फाइट अमंग युअरसेल्व्ह्ज'. ऐकणारे दोघेच असतील तर 'डोन्ट फाइट विथ ईच अदर', किंवा नुसतं 'डोन्ट फाइट', कारण परस्परभाव क्रियापदातच येतो. 'बिटवीन' नामासोबत ठेवा: 'अ फाइट बिटवीन टू ब्रदर्स'. आणि 'फाइट अमंग युअरसेल्व्ह्ज'च्या जागी चुकून 'फाइट युअरसेल्व्ह्ज' होऊ देऊ नका. 'अमंग' गळला की प्रत्येकाने स्वतःशीच लढावं असा अर्थ होतो.